मदत हवी आहे: आईसाठी पुढून हूक असलेली, नीट मापाची ब्रा ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे मिळेल?

नमस्कार मैत्रिणींनो. धागा लांब होणार आहे, पण तपशील दिला नाही तर 'अमुक ब्रँड घ्या' एवढंच उत्तर येईल, म्हणून सगळं लिहिते.

आई ७१ वर्षांची आहे. ती नौपाड्यात राहते, मी घोडबंदर रोडला. तिला मधुमेह बराच जुना आहे आणि गेल्या वर्षापासून उजवा खांदा आखडलाय, म्हणजे फ्रोझन शोल्डर. मधुमेह असलेल्यांना हे जास्त होतं असं डॉक्टरांनी सांगितलं. हात पाठीमागे जातच नाही, त्यामुळे मागचे हूक लावणं बंद झालं. हूक पुढे लावायचे आणि मग ब्रा गोल फिरवून मागे न्यायची, हे तिने करून पाहिलं. पण त्यानंतर पट्ट्यात हात घालायला कोपर उचलावं लागतं आणि नेमकी तिथेच कळ येते. सकाळी बाबा हूक लावून देतात. त्यांना काही वाटत नाही, तिला मात्र फार वाटतं.

दुसरा त्रास छातीखालच्या घडीतल्या पुरळाचा. पावसाळ्यात आणि मे महिन्यात तिथे लाल होतं, ओलसर राहतं, रात्रभर खाज येते. त्वचेच्या डॉक्टरांनी बुरशीचा संसर्ग सांगितला. घाम, त्वचेवर त्वचा घासणं आणि वाढलेली साखर, तिन्ही मिळून हे होतं. त्यांनी मलम दिलं, पण सोबत स्पष्ट सांगितलं की छाती नीट उचलून धरली गेली नाही तर हे पुन्हा पुन्हा होत राहणार. (जाता जाता, ज्यांच्या घरी असा त्रास असेल त्यांनी मेडिकलमधून स्टिरॉइड मिसळलेलं मलम परस्पर आणून लावू नका. आधी बरं वाटतं, नंतर बुरशी चिवट होऊन बसते.)

म्हणून मी मापाच्या मुळाशी गेले. आई कित्येक वर्षं ४० बी घालते आहे. तिच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या जागी खोबणी पडली आहे, बोट ठेवलं तर आत बसतं. मी इतकी वर्षं तिच्याजवळ राहिले आणि हे पहिल्यांदा पाहिलं. टेप घेऊन मापं घेतली: छातीच्या खाली, टेप अंगाला घट्ट धरून ३६ इंच, आणि सगळ्यात भरलेल्या भागावर, टेप सैलसर ठेवून ४१. बऱ्याच दुकानांत अजूनही खालच्या मापात ४ किंवा ५ मिळवतात आणि तो आकडा ब्राचा म्हणून सांगतात. ३६ आणि ४ चाळीस, तिथून तिचा ४० आला. छातीखालून पाठीवर फिरणाऱ्या, आजच्या ताणल्या जाणाऱ्या पट्टीला ही बेरीज लागत नाही. खालचं माप ३६ तर पट्टी ३६. दोन मापांतला फरक ५ इंच. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डबल डी. म्हणजे ती ३६ डबल डी.

हे ऐकून आई म्हणाली, "छे, एवढी कुठली?" डी म्हटलं की सगळ्यांना असंच वाटतं. पण कपचं अक्षर एकटं काहीच सांगत नाही, ते पट्टीबरोबर वाचायचं असतं. ४० बी, ३८ सी आणि ३६ डी या तिन्हींच्या कपात मावणारं आकारमान सारखंच. म्हणजे आईचा कप फक्त एका अक्षराने लहान होता, पट्टी मात्र दोन मापांनी सैल. सगळा घोळ त्या पट्टीत होता. सैल पट्टी पाठीवर वर चढते, तशी पुढची बाजू खाली उतरते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. भार येतो म्हणून बाई पट्टे आवळते, की मागची पट्टी आणखी वर जाते. आई वर्षानुवर्षं हेच करत आली. दुखरा खांदा असलेल्या बाईच्या खांद्यावरून हा भार उतरला पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

आता अडचण. गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका असं फिरून झालं. एका दुकानात काउंटरवरच, साडीच्या पदरावरून टेप फिरवून ४२ सांगितली आणि ट्रायल नाही म्हणाले. आजूबाजूला गर्दी, समोर पुरुष विक्रेता, आई आवाज खाली करून बोलत होती आणि तो मोठ्याने आकडा परत विचारत होता. तिने माझा हात धरून बाहेर चल म्हटलं. मॉलमधल्या एका दुकानात ट्रायल रूम होती, तिथली मुलगीही मनापासून मदत करणारी होती. तिने पट्टीखाली दोन बोटं सरकतात का ते पाहिलं, कपातून बाजूला काही बाहेर येतं का ते पाहिलं. पण ३६ डबल डीमध्ये सगळ्या वायरवाल्या आणि मागून हुकाच्या. पुढून उघडणारी सी कपपर्यंतच होती. ऑनलाइन मागवलेली बसली नाही आणि अंतर्वस्त्र म्हणून परत घेतली नाही.

शिवाय डी च्या पुढे ब्रिटिश आणि अमेरिकन अक्षरं वेगळी होतात. ब्रिटिश क्रम डबल डी, ई, एफ, डबल एफ असा जातो, अमेरिकन डबल डी, ट्रिपल डी, जी असा. ऑनलाइन मागवताना त्या कंपनीचा तक्ता बघितल्याशिवाय अक्षरावर विसंबून चालत नाही.

काय नको तेही सांगते. डोक्यावरून चढवायची स्पोर्ट्स ब्रा तिला शक्यच नाही. फीडिंग ब्रा एकीने सुचवली, पण तिचा कप पुढून उघडतो, हूक मागेच असतो. पुढे एकच प्लॅस्टिकची क्लिप असलेल्या मिळतात, त्या एवढा भार धरत नाहीत. मला हवी ती सुती, बिनवायरची, पूर्ण झाकणारी, रुंद पट्ट्यांची, आणि पुढे ओळीने चार-पाच हूक असलेली. ठाणे, वाशी, नेरूळ, सीवूड्स, कुठेही जायची तयारी आहे. जिथे बाई माप घेईल, घालून बघू देईल आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची मिळेल असं दुकान माहीत असेल तर कृपया सांगा. शिवून देणारं कोणी असेल तरीही.

आई म्हणते, घरातच तर असते, आता कशाला. पण घरात ब्रा न घालता पुरळ वाढतं, आणि संध्याकाळचं तलावपाळीला जाणं तिने याच पायी सोडलंय, ते मला बघवत नाही.

प्रतिसाद: नेरूळकरीण

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. ब्रा येईल तेव्हा येईल, एक गोष्ट आजपासून करा. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. पुढून उघडणारं काहीही याच क्रमाने घातलं की खांदा जवळजवळ उचलावा लागत नाही. पलंगाच्या कडेला बसून, हात मांडीवर सैल सोडून पट्टा वर सरकवायचा. ब्लाउजलाही हेच.

दुसरं, मागून हुकाची ब्रा नवीन असताना सगळ्यात बाहेरच्या हुकावर नीट बसली पाहिजे, म्हणजे इलॅस्टिक ताणलं की आतल्या हुकांवर जाता येतं. पुढच्या हुकांना बहुधा ही सोय नसते, एकच रांग असते. त्यामुळे ती नवी असताना अंगाला चांगली धरूनच घ्या, 'सैल बरी' म्हणून मोठी घेऊ नका.

सर्जिकल सामानाच्या दुकानातही चौकशी करा. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर घालायच्या ब्रा पुढून उघडतात, मऊ असतात, पट्टे रुंद असतात. आजारच हवा असं काही नाही, ज्यांचे हात वर जात नाहीत त्यांनाही चालतात. फक्त कपचं माप तपासून घ्या.

प्रतिसाद: आंबेमोहर

माझ्या आत्याचा हाच प्रश्न शिवणाऱ्या बाईंनी सोडवला. मागून हुकाची, बिनवायरची, बरोबर मापाची ब्रा घ्यायची. मागचे हूक कायमचे शिवून टाकायचे. पुढे दोन कपांच्या मधोमध कापून एका कडेला हुकांची आणि दुसऱ्या कडेला आय ची, म्हणजे हूक अडकवायच्या कड्यांची, पट्टी बसवायची. एका बाजूला खाली कापडाची जीभ ठेवा, नाहीतर हूक अंगाला टोचतात. आणि कडा दुमडण्यात जेवढं कापड जातं तेवढं मागे वाढवून घ्या, नाहीतर पट्टी आखूड होते. हुकांची तयार पट्टी शिवणाच्या सामानाच्या दुकानात मिळते. कपांच्या मधली जागा अगदी अरुंद असेल त्या ब्राला हे जमत नाही, म्हणून बाईंना दाखवूनच ब्रा घ्या. त्या नौपाड्यातच शिवतात, पत्ता इथे देत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद: सायली_वाशी

ट्रायलसाठी मॉलमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुकान उघडल्या उघडल्या जा. शनिवार-रविवारी कोणाला वेळ नसतो. माप बसलं की एकदम ढीग घेऊ नका, आधी एक घेऊन ती दिवसभर घालून बघू दे. आणि पुरळ असेपर्यंत घडीत मऊ, धुतलेल्या मलमलची पट्टी ठेवा, ओली झाली की बदला. आंघोळीनंतर ती जागा टिपून पूर्ण कोरडी होऊ द्या, घासू नका. ब्रा हाताने धुवा, पिळू नका, गरम पाण्यात इलॅस्टिक जातं.

धागाकर्ती:

तिघींचे मनापासून आभार. दुखऱ्या हाताची युक्ती आज सकाळीच आईला दाखवली, ब्लाउज तिने एकटीने घातला. बाबांना बाहेर थांबा म्हणाली.

आंबेमोहर, व्यनि केला आहे. अजून एक विचारायचं आहे. आईचे सगळे कटोरी ब्लाउज जुन्या ब्रावर बेतलेले आहेत. नव्या ब्राने छाती वर उचलली जाईल, म्हणजे कटोरीची जागा चुकणार आणि टक्सही. ते उसवून वर घेता येतात का, की नवेच शिवावे लागतील? तुमच्या बाई ब्लाउजही दुरुस्त करून देत असतील तर दोन्ही कामं एकदमच नेते.