घरचा पोहण्याचा तलाव सांभाळायला तुम्ही कसं शिकलात? (अनुभव धागा)

गंगापूर रोड

सासऱ्यांनी बंगला बांधला तेव्हाच मागच्या अंगणात तलाव करून घेतला होता. 25 फूट लांब, 15 फूट रुंद, सरासरी साडेचार फूट खोल, म्हणजे साधारण 48 हजार लिटर पाणी. नऊ वर्षं एक काका येऊन तो सांभाळायचे. गुडघ्यांमुळे त्यांनी मार्चमध्ये काम सोडलं, आणि एप्रिलमध्ये कडुनिंबाखालचा कोपरा हिरवा झाला. मी क्लोरीन टाकत गेले. बाकीचं पाणी निवळलं, कोपरा तसाच.

शेवटी काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, औषध राहू द्या. तिथवर पाणी पोचतंय का ते आधी बघा." पंप चालू करून कडुनिंबाची वाळकी फुलं पाण्यावर टाकली. बाकीची फुलं सरकत स्किमरकडे, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या कडेच्या तोंडाकडे गेली, कोपऱ्यातली जागच्या जागी घुटमळत राहिली. फिल्टरचं स्वच्छ पाणी तलावात सोडणारी तिन्ही रिटर्नची तोंडं सरळ समोर होती. ती एकाच अंगाला आणि जराशी खाली वळवली, तसं सगळं पाणी गोल फिरायला लागलं. कोपरा ब्रशने घासला, आणि तिसऱ्या दिवशी तळाची फरशी दिसली.

तेव्हापासून पाण्याच्या वाटा समजून घेते आहे. कुणाला काय कळलं, कशातून कळलं, ते सविस्तर लिहा.

पिंपळगाव बसवंत

आमची द्राक्षबाग आहे. शेतघरापाशी मुलांसाठी लहानसा तलाव केला. ठेकेदाराने फिल्टर दाखवला तेव्हा तो ओळखीचाच वाटला, कारण बागेत ठिबकला सँड फिल्टर आहेच. तीच वाळू, तोच बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुणं. फरक एवढाच की ठिबकला पाणी आत जाताना आणि बाहेर पडताना असा दोन्हीकडचा दाब आपण बघतो, इथे गेज एकच. म्हणून वाळू नुकती धुतलेली असताना काटा कुठे असतो ते टाकीवर मार्करने लिहिलं. माझ्याकडे 12 पीएसआय (दाबाचं माप). तो 20 च्या वर गेला की धुतो. त्याआधी उगाच धूत नाही. थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले अडवते. शिवाय तीन मिनिटांच्या बॅकवॉशला पाचसहाशे लिटर पाणी जातं, आणि आमच्याकडे मे महिन्यात तेवढं पाणी सोडताना जीव तुटतो.

माझी चूक सांगतो. पंप चालू असतानाच मल्टिपोर्टचं, म्हणजे पाणी फिल्टरला की बाहेर वेस्टला सोडायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचं, हँडल फिरवलं. आतलं गॅस्केट गेलं आणि फिल्टर चालू असताना पाणी हळूहळू वेस्टच्या पाइपातून जायला लागलं. आठ दिवस मी टाइल्समध्ये गळती शोधत होतो. मग गावातल्या प्लंबरने बादली मागितली. तलावाचंच पाणी भरून ती पायरीवर अर्धी बुडवून ठेवली, आतबाहेर दोन्ही पातळ्यांना खुणा केल्या. पंप बंद होता त्या दिवशी दोन्हीकडे सारखंच उतरलं, म्हणजे ते उन्हाने. पंप चालवला त्या दिवशी तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला. म्हणजे टाइल्स धड होत्या, पाणी पंपाच्या पुढे कुठेतरी जात होतं. वेस्टच्या पाइपाचं तोंड बघितलं तर बारीक धार चालूच. गॅस्केट बदललं, गळती थांबली. आता हँडलला दोरीने पाटी बांधली आहे: आधी पंप बंद.

कॉलेज रोड

मी रसायनशास्त्र शिकवायचे. मुलाच्या बंगल्यातला तलाव बोअरच्या पाण्यावर भरतात आणि आपल्याकडची बरीच बोअर कठीण पाण्याची. पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा) कमी दिसला म्हणून मुलाने धुण्याचा सोडा एकदम ओतला, तर तासाभरात सगळं पाणी दुधासारखं. तो घाबरला. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, पाण्यात तयार झाला होता. पंप दिवसरात्र चालवून फिल्टरने तो काढायला तीन दिवस लागले.

क्रम लक्षात ठेवा: आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन. अल्कलिनिटी म्हणजे पीएच सावरून धरायची पाण्याची ताकद. ती 80 ते 120 पीपीएममध्ये (दहा लाख भागांत इतके भाग) असली की पीएच एका जागी टिकतो. ती वाढवायला खायचा सोडा. ताई, तुमच्या 48 हजार लिटरला 10 पीपीएम वाढवायला साधारण 800 ग्रॅम लागेल. तो बादलीत विरघळवून, पंप चालू ठेवून, रिटर्नच्या समोर घाला. पीएच 7.2 ते 7.6 ठेवा. 7.5 ला क्लोरीनचा निम्मा भाग जोमाने काम करतो, 8 ला जेमतेम पाव. हिरव्या पाण्यात क्लोरीन ओतूनही काही होत नाही, त्याचं एक कारण हेही असतं. तपासणीचं पाणी कोपरभर खोलून आणि रिटर्नपासून लांबून घ्या.

पाथर्डी फाटा

रिटर्नमधून बुडबुडे येत होते. पंपाच्या झाकणाची रबरी रिंग वाळून चिरली होती, तिथून हवा ओढली जायची. रिंग बदलली. आणि पाणी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत ठेवते; त्याखाली गेलं की पंप हवाच ओढतो.

त्र्यंबक रोड

हे लिहायला अजून जड जातं. पाण्यावर पानं नव्हती म्हणून मी स्किमरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला होता, तळाचा गाळ ओढला जावा म्हणून. सगळी ओढ तळाच्या एकाच ड्रेनवर, म्हणजे तळातून पाणी ओढणाऱ्या तोंडावर आली. त्याची जाळी एका बाजूने तुटलेली होती, ते मला माहीत होतं. भाची बुडी मारून खाली गेली आणि तिची वेणी जाळीत ओढली गेली. माझे दीर पाण्यातच होते, त्यांनी ओरडून पंप बंद करायला लावला. पोरगी वाचली.

आता तळाला एकमेकांना जोडलेले दोन ड्रेन आहेत, दोघांवर घुमटाकार झाकणं, म्हणजे एक झाकलं गेलं तरी दुसरं ओढतं. व्हॉल्व्हचा तोल पानगळीत स्किमरकडे जास्त, पावसात गाळ बसला की ड्रेनकडे, पण स्किमर पूर्ण बंद कधीच नाही. पंपाचा स्विच पोहणाऱ्यांच्या नजरेसमोर आणला. मोठ्या मुलांना तो बंद करायला शिकवलाय.

सातपूर

मी पाच बंगल्यांचे तलाव बघतो. ताई, काकांनी ठेवलेले डबे एकदा तपासा. ब्लीचिंग पावडर आणि टीसीसीएच्या गोळ्या, दोन्ही क्लोरीनच, पण एका मगाने काढू नका. एकत्र आल्या तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होतो. ॲसिड तर दोन्हींपासून लांब, वेगळ्या खोलीत. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा ओला मग क्लोरीनच्या डब्यात घातला आणि धूर नाकातोंडात गेला. दोन दिवस श्वास घ्यायला त्रास झाला.

गंगापूर रोड

सगळ्यांचं वाचून आज संध्याकाळी पंप बंद ठेवून ड्रेन तपासले. ड्रेन दोन आहेत, झाकणंही आहेत, पण एकाचा स्क्रू गायब आणि हात लावल्यावर झाकण हलतं. तो बसवेपर्यंत मुलांना पाण्यात उतरू देणार नाही. मग पंप लावून बॅकवॉश केला आणि गेजचा आकडा टाकीवर लिहिला, 11. बाई, अल्कलिनिटी 60 आली. खायचा सोडा उद्या आणते.