रिमांड होममधून सुटलेल्या पोरांना काम द्यायचं की नाही?

भोसरी_फॅब्रिकेशन: काल इथे एकाने लिहिलं, 'रिमांड होमवाल्यांना कामावर ठेवणं म्हणजे गुन्ह्याला बक्षीस.' ते वाचल्यापासून डोकं फिरलंय. माझ्या शॉपमध्ये अशी पोरं हेल्पर म्हणून येतात. काम लागणं अवघड नाही, ग्राइंडरवर माणूस कायम कमीच असतो. अवघड आहे ते टिकणं. बाल न्याय मंडळाची, म्हणजे अठराखालच्या पोरांच्या केस चालवणाऱ्या मंडळाची, तारीख कामाच्या दिवशी पडते, ठेकेदार खाडा लावतो, दोन-तीन तारखा झाल्या की 'उद्यापासून येऊ नको'. पहिला पगार होईपर्यंत महिना काढायचा कसा? तेवढ्यात जुने दोस्त खिशात पैसे कोंबायला हजर. मी दर शनिवारी उचल देतो आणि तारखेचा खाडा धरत नाही. एवढ्यावर पोरं थांबली. एक तर वेल्डिंगला एक नंबर तयार झाला होता. पण मोठ्या कंपनीच्या साइटवर गेटपासला पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं आणि तो परत आलाच नाही.

सिंहगड_रोड: ते लिहिणारा मीच. माझ्या भावाच्या दुकानावर कोयते घेऊन पोरं आली, काचा फोडल्या, गल्ला नेला. सगळी अठराच्या आतली. महिन्याभरात त्याच चौकात वाढदिवसाचा केक कापत होती. भाऊ अजून रात्री शटर वाजलं की दचकतो. त्याला कोण उचल देतं? माझा भाचा डिप्लोमा करून घरी बसलाय, त्याला कोण विचारतं?

वकीलताई: दादा, भाच्याची नोकरी या पोरांनी खाल्लेली नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 वाचा. मंडळाने दोषी धरलं तरी पुढे अपात्रता लागत नाही. अपवाद सोळा वर्षांवरच्या त्या मुलांचा, ज्यांच्यावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालतो. प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यात द्यायला कलम 74 ने पोलिसांना मनाई आहे.

हडपसरकर: कायदा कुणासाठी ते मे 2024 ला दिसलं. कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन जीव गेले आणि गाडी चालवणाऱ्या अठराखालच्या पोराला काही तासांत जामीन, वर 300 शब्दांचा निबंध!

वकीलताई: लोक उठले तेव्हा मंडळाने त्याला निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये पाठवलं, हेही सांगा.

हडपसरकर: आणि जूनमध्ये हायकोर्टाने सोडलं, हे तुम्ही सांगा! वस्तीतल्या पोराच्या आईला जामीनदार मिळत नाही, तो आतच बसतो.

सिंहगड_रोड: वस्तीतला आणि बंगल्यातला, दोघांनाही आत ठेवा. माझं म्हणणं एवढंच.

ताडीवाला_रोड: कुणी आतल्यांना विचारलंय का? माझा भाऊ येरवड्याच्या निरीक्षणगृहात होता. सतराव्या वर्षी जामिनावर सुटला. सुटल्यावर मदत मिळते त्या आफ्टरकेअर योजनेकडे आम्ही गेलो तर म्हणाले, संस्थेतून अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे आत जास्त राहिला असता तर मदत! शेवटी मामाने मंडईत हमालीला लावला. वस्तीत राहिला असता तर परत आत गेला असता. बक्षीस म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचे खांदे बघावेत.

सिंहगड_रोड: ताई, तुमच्या भावाबद्दल बोललो नाही. हमाली करतोय तर चांगलंच आहे. पण आमच्या दुकानात असं पोरगं ठेवणार नाही, हे आजही सांगतो. गेटपासचं मात्र पटलं. काम येत असताना कागदावरून घालवायचं, तर मग तो जाणार कुठे? चौकातच ना.

भोसरी_फॅब्रिकेशन: एवढं मानलंत तरी पुष्कळ. वकीलताई, त्या वेल्डरची केस अजून चालू आहे. काय करू?

वकीलताई: 2021 च्या दुरुस्तीनंतर चालू प्रकरणालाही 74 ची ती मनाई लागू आहे, पण केस लांबली की पोरं अडकतात. चौकशी चार महिन्यांत संपायला हवी, मंडळ फार तर दोन महिने वाढवू शकतं. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा किरकोळ गुन्हा असेल आणि वाढीव मुदतही उलटली असेल, तर कलम 14 प्रमाणे कार्यवाही संपते. आईला घेऊन मंडळात अर्ज द्या. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो.

भोसरी_फॅब्रिकेशन: सोमवारी त्याच्या आईला घेऊन जातो.