कंत्राटी नेटवर्क आर्किटेक्टने कटओव्हरच्या (जुन्या नेटवर्कवरून नव्यावर जाण्याच्या) रात्री हजर राहावं का?

कोरी_केबल (धागाकर्ता): माझं मत, नको. एचएलडी (ढोबळ डिझाइन), एलएलडी (तपशीलवार डिझाइन) आणि चाचणी आराखडा दिला की काम संपलं. डिझाइन करणाराच प्रॉडक्शनवर (चालू यंत्रणेवर) कमांड टाकू लागला की एलएलडीतल्या फटी तो डोक्यातून बुजवतो. कंत्राट संपतं आणि ऑपरेशन्सच्या हाती अर्धवट कागद उरतो. दुसऱ्या इंजिनिअरला एकही प्रश्न पडू नये इतकं एलएलडी नेमकं हवं: पोर्टनिहाय तक्ता, पॉइंट-टू-पॉइंट लिंकना /31 (फक्त दोन पत्त्यांचं सबनेट), एसटीपी (स्विचमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) प्रायॉरिटी मुख्य रूट ब्रिजला 4096 आणि राखीव रूट ब्रिजला 8192.

उलटा_मार्ग: नव्या इमारतीत चालेल हे. चालू नेटवर्कमध्ये नाही. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कचा ट्रॅफिक दुसऱ्यात गुंडाळून नेणारा प्रोटोकॉल) आयपीव्ही4 वर प्रत्येक पॅकेटमागे 50 बाइट वाढवतो. कागदावर अंडरलेचा (खालच्या नेटवर्कचा) एमटीयू, म्हणजे पॅकेटच्या आकाराची मर्यादा, 9216 असतो आणि मधेच प्रोव्हायडरचं एक सर्किट 1500 वर निघतं. छोटे पिंग जातात, लॉगिन होतं, मोठी फाइल मात्र अडकते. मग दोन तास सर्व्हरवाल्यांशी भांडण!

कोरी_केबल: म्हणजे चाचणी आराखडाच कच्चा होता. प्रत्येक मार्गावर होस्टपासून होस्टपर्यंत डीएफ बिट (पॅकेटचे तुकडे करू नका ही खूण) लावून 1472 बाइटचा पिंग. विंडोच्या (बदलासाठी ठरलेल्या वेळेच्या) आधी, विंडोत नव्हे.

उलटा_मार्ग: एमटीयू सापडेल. पण जुना आणि नवा कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) एकाच वेळी चालू असताना? सिन (जोडणी मागणारं पॅकेट) नव्या कोअरवरून जातो, सिन-अ‍ॅक (त्याचं उत्तर) जुन्यावरच्या फायरवॉलला भेटतो. तिच्याकडे सेशनच नाही, ती पॅकेट टाकून देते. कारण काय, तर कधीकाळचा एक विसरलेला स्टॅटिक रूट (हाताने टाकलेला मार्ग). राउटिंग टेबल बघून हे पटकन ओळखायला डिझाइन डोक्यात असलेला माणूस लागतो.

तिसरा_हॉप: दोघंही करारावर बोलतच नाही आहात. एसओडब्ल्यूमध्ये (करारातल्या कामाच्या तपशिलात) विंडोंची संख्या लिहा, समजा 2. पुढची प्रत्येक वेगळ्या दराने. नाहीतर ठरावीक रकमेच्या कामात चेंज फ्रीझमुळे (बदलांवरच्या तात्पुरत्या बंदीमुळे) पुढे ढकललेली प्रत्येक रात्र आर्किटेक्टच्या खिशातून जाते. टॅकॅक्सवर (उपकरणांवरचं लॉगिन आणि परवानग्या सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) खातं फक्त रीड-ओन्ली. रोलबॅकची वेळही आधीच ठरवा: विंडो 6 तासांची, मागे फिरायला 90 मिनिटं, तर सुरुवातीपासून साडेचार तास ही शेवटची हद्द. मी तरी चारच धरतो, कारण मागे फिरल्यावर तपासायलाही वेळ लागतो.

कोरी_केबल: रीड-ओन्ली मान्य. रोलबॅकचा निर्णय मात्र त्याचा नको.

उलटा_मार्ग: तो चेंज मॅनेजरचाच. पण «अजून दहा मिनिटं थांबू या» म्हणणारे सगळे एकाच कॉलवर असतात. डिझाइनवाला त्या कॉलवर नसेल तर त्या दहा मिनिटांत नेमकं काय सुटणार आहे, हे त्यांना विचारणार कोण?