छोट्या टाकीत कोणते मासे? सोलापूरचं पाणी आणि ऊन धरून सांगा

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. बहुतेक घरांत पहिली येते ती हीच टाकी. काठोकाठ भरली तर 56 लिटर, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी उरतं 45 लिटर. एवढ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारे मासे कोणते, ते ज्यांनी पाळलेत त्यांनी लिहावं. चार-पाच दिवसांआड येणारं नळाचं पाणी, बोअरचे क्षार आणि मे महिन्यातला 43 अंशांचा पारा धरून सांगा. प्रत्येक उत्तरावर लिहिणाऱ्याचा भाग दिला आहे.

जुळे सोलापूर

रंग नंतर, आधी पाणी बघा. बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नसेल, काचेवर पाण्याच्या पातळीला खरखरीत पांढरी रेघ धरत असेल, तर गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल घ्या. या चौघांना क्षाराचं पाणी मानवतं. मॉली तर उलट मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्यात आजारी पडते, पंख मिटून जागच्या जागी डुलत राहते. निऑन टेट्रा ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला मासा. तो इथल्या बोअरच्या पाण्यात ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, उतरवायचं औषध टाकून भागत नाही. क्षारांमुळे तो दोन दिवसांत पुन्हा वर चढतो आणि ही चढउतारच माशाला मारते. नुसतं आरओचं पाणीही नको, त्यात क्षारच नसतात.

अशोक चौक

जुळे सोलापूरच्या ताईंच्या म्हणण्याला जोडून अमोनियाचं सांगतो, कारण नव्या टाकीतले मासे पहिल्या पंधरवड्यात जातात ते बहुतेक यानेच. विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो. 25 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या वर, आणि पाणी 30 अंशांवर गेलं की साडेसात. म्हणजे क्षाराचं पाणी आणि ऊन एकत्र आलं की तेवढीच घाण दहापटीहून जास्त घातक होते. म्हणून आपल्याकडे मासे कमीच ठेवायचे. गप्पीच्या मापाचे आठ-दहा, त्यावर नाही.

अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता भरलेल्या टाकीत फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाणं टाका. कोणाची जुनी निरोगी टाकी असेल तर तिचा स्पंज आपल्या टाकीत पिळा, काम लवकर होतं. पहिले तीनच मासे सोडा, दोन आठवड्यांनी पुढचे. आपला स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका. क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

दर आठवड्याला 11 लिटर, म्हणजे साधारण एक बादली पाणी बदला. पाणी सुटलं त्या दिवशी थेट नळाचं ओतू नका, क्लोरीनने कल्ले भाजतात. उघड्या पिंपात एक-दोन दिवस राहिलेलं घ्या. आपल्याकडे साठवण करावीच लागते, तिचा एवढा तरी फायदा आहे.

सात रस्ता

काय घेऊ नये, ते लिहितो. गोल्डफिश वीतभर वाढतो, घाण फार करतो आणि त्याला थंड पाणी लागतं. काच साफ करायला म्हणून देतात तो सकर फूटभराच्या पुढे जातो. शार्क म्हणून विकतात तो पंगॅशियस, मीटरभर वाढणारा. टायगर बार्ब गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. आणि मोठा झालेला मासा सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याला सोडू नका, हात जोडून सांगतो. उजनीत चिलापी (तिलापिया) या परदेशी माशाने देशी माशांचं काय केलं ते आपल्या समोर आहे.

विजापूर रोड

गप्पी घेताना नुसते नर घ्या. नराचा पोटाखालचा पर काडीसारखा टोकदार असतो, मादीचा पंख्यासारखा, आणि तिच्या पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग दिसतो. मादी पोटात नराचं बीज महिनोन्‌महिने साठवते, त्यामुळे एकटी आणली तरी दर महिन्याला वीस-तीस पिल्लं होतात. जोडीच हवी असेल तर एका नरामागे तीन माद्या घ्या, नाहीतर नर तिला उसंत देत नाही. डासांसाठी हौदात सोडतात ते करडे गप्पी रंगीत गप्पीपेक्षा काटक असतात.

होटगी रोड

उन्हाळ्याचं राहिलं. 25 अंशांना लिटरभर पाण्यात सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना सातच्या खाली. मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते भुकेने नव्हे. झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका धरा. आपली हवा कोरडी, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. आटलेल्याच्या जागी मात्र आरओचं पाणी टाका, नाहीतर क्षार साचत जातात. इथे आरओ चालतं, कारण क्षार टाकीत आधीच असतात. बर्फ थेट टाकू नका. वीज जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप लागतोच.

एकच मासा ठेवायचा तर फायटर (बेट्टा). तो वरची हवाही घेतो, म्हणून पाण्याच्या वर दोन इंच जागा सोडा आणि फिल्टरची धार मंद ठेवा. बरणीत नको, निदान 15-20 लिटर पाणी द्या. लांब शेपटीच्या नर गप्पीबरोबर ठेवू नका, त्यावर तो धावून जातो.

जुळे सोलापूर

दुकानात माल चेन्नई, कोलकात्याहून येतो. आला त्या दिवशी घेऊ नका, चार-पाच दिवसांनी जा आणि दुकानदाराला समोर खाणं टाकायला सांगा. पोट आत गेलेला, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबणारा, पंख मिटलेला एक जरी दिसला तरी त्या टाकीतला कुठलाच घेऊ नका. घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीचं पाणी तिच्यात घाला, अर्धा तास. मासे जाळीने उचला. पिशवीतलं पाणी मोरीत.