24 हजार पौंडांत रिसेप्शनिस्टचा व्हिसा? हिशेब बसत नाही

ताई, परभणीच्या एजंटानं दाखवलेलं 'वर्षाला 24,000 पौंड, स्किल्ड वर्कर व्हिसा (ब्रिटनचा नोकरीसाठीचा व्हिसा), रिसेप्शनिस्ट' हे गणितच जुळत नाही. ब्रिटनमधला एप्रिल 2025चा किमान वेतनाचा दर तासाला 12.21 पौंड, आठवड्याला 37.5 तास धरले तर वर्षाला साधारण 23,810. म्हणजे त्या दरानं ऑफर किमान वेतनात बसते, अन् तिथंच माणूस फसतो. व्हिसाची अट वेगळी आहे: 22 जुलै 2025 पासून पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला 41,700 पौंड, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, जे जास्त असेल ते. ओव्हरटाइम, टिप, राहण्याची सोय त्यात धरत नाहीत.

पगार वाढवून दाखवला तरी उपयोग नाही. काम सहसा पदवीच्या पातळीचं लागतं. तिथं प्रत्येक कामाला सरकारी कोड असतो; रिसेप्शनिस्टचा कोड 4216 त्यात येतच नाही. म्हणून काही जण कागदावर 'मॅनेजर' लिहितात. प्रत्यक्ष काम काउंटरवरचं निघालं की व्हिसा रद्द होऊ शकतो.

एजंटाकडून स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटवरचा (व्हिसासाठी कंपनी देते तो दाखला) कामाचा चार आकडी कोड आणि मूळ पगार लेखी मागा. कंपनी परदेशी कामगार आणायचा परवाना असलेल्यांच्या सरकारी यादीत असली म्हणून ऑफर खरी ठरत नाही. त्या सर्टिफिकेटची फी कंपनीनंच भरायची असते. आपल्याकडच्या नोंदणीकृत एजंटालाही 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. मग हा 6 लाख कसले मागतो?