तीन पानांचं जमिनीलगतचं झुडूप, एकच की दोन वेगळी?

मुलुंडकर: सोसायटीच्या मागच्या भिंतीला, पेव्हर ब्लॉक संपतात तिथे, पावसानंतर तीन-तीन पानांचं काहीतरी दाट पसरलंय. एका बाजूला पिवळी फुलं, दुसऱ्या बाजूला जांभळट, इतकी बारीक की गुडघ्यावर बसून बघावी लागतात. अ‍ॅप दोन्हींना क्लोव्हर म्हणतंय. आई म्हणते पिवळं म्हणजे आंबुशी, चटणी करतात. नक्की काय?

रानभाजीवाली: आईचं ऐका, अ‍ॅपचं नाही. आंबुशीचं प्रत्येक पान बदामाच्या आकाराचं, खाच बाहेरच्या बाजूला, फूल पाच पाकळ्यांचं पिवळं. इवल्याशा भेंडीसारख्या उभ्या शेंगा असतील, पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की बिया टणकन उडतात. संध्याकाळी पानं मिटतात तेही बघा. आंबटपणा ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा, त्यामुळे मुतखडा असलेल्यांनी लांबच राहावं. आणि भिंतीकडेची चटणी तर नकोच हो, तिथे कुत्रे काय करतात ते सगळ्यांना माहितीये 😄

पानफूल: जांभळटवालं बहुतेक डेस्मोडियम ट्रायफ्लोरम. फूल नीट बघितलंत तर वाटाण्याच्या कुळातलं आहे हे लगेच कळतं, पाच सारख्या पाकळ्या नसतात, आणि शेंग चपटी, एका कडेला खाचा असलेली. क्लोव्हर मुळात थंड हवेचं, त्याची फुलं गोल गुच्छात येतात आणि पानावर बऱ्याचदा फिकट पट्टा असतो. नुसत्या पानाच्या फोटोवरून अ‍ॅप काय कुणीही गोंधळेल, माझं तर म्हणणं आहे फूल नसेल तर नाव ठरवूच नये.

मुलुंडकर: धन्यवाद! त्याच्याच शेजारी एका लांब दांडीवर एकच फूल, मध्ये पिवळं, कडेला पांढरट, पानं खरखरीत. ते काय?

रानभाजीवाली: कंबरमोडी, एकदांडी पण म्हणतात. पांढरट पाकळ्यांच्या टोकाला तीन दाते दिसले तर तीच. मूळची अमेरिका खंडातली, आता आपल्या प्रत्येक फुटपाथवर.

पानफूल: पुढचा फोटो टाकाल तेव्हा फूल समोरून आणि बाजूने, पान खालून, खोड, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. खोड मोडून चीक येतो का तेही बघा, दुधी (भाजीचा भोपळा नव्हे, त्याच नावाचं तण) असेल तर पांढरा चीक येतो. फक्त चीक डोळ्यांना लागू देऊ नका. आणि नॅशनल पार्कात गेलात तर उपटायचं नाही, नुसते फोटो.