मदत हवी आहे : परदेशी कार्डावरची ऑर्डर खरी की खोटी, हे ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी,

म्हापशाला आमचे काजू, आमसुले आणि मसाल्यांचे दुकान आहे आणि भाच्याच्या आग्रहामुळे गेली तीन वर्षे आम्ही संकेतस्थळावरूनही माल विकतो. भारतीय कार्डांचा त्रास कधी झाला नाही, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २००९ पासून ऑनलाइन व्यवहारात कार्डावरच्या आकड्यांखेरीज आणखी एक पडताळणी लागते, आणि ती बहुधा ओटीपीने होते. परदेशी बँकांच्या कार्डांना हा नियम लागू नाही. त्यांचे पैसे पुष्कळदा ओटीपीविनाच जमा होतात.

चतुर्थीच्या आधी एका रात्री १८० नंबरच्या, म्हणजे मोठ्या दाण्याच्या काजूची बारा किलोंची ऑर्डर आली. कार्ड परदेशी, पत्ता कळंगुटच्या एका लॉजचा. आमच्या मुलाने दुसऱ्या दिवशी माल पोचवून सही घेतली. सात आठवड्यांनी पेमेंट गेटवेने, म्हणजे आमच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीने, कळवले, की हा व्यवहार आपण केलाच नसल्याची तक्रार कार्डधारकाने केली आहे. आम्ही सहीची पावती पाठवली. पण माल कोणीतरी घेतला एवढेच तिच्यावरून ठरते, तो कार्डधारकाने मागवला होता हे ठरत नाही, म्हणून ती नाकारली गेली. रक्कम कापली गेली, वर चार्जबॅकचे, म्हणजे तक्रारीवरून पैसे परत फिरवण्याचे, शुल्क लागले, आणि काजू तर गेलेच होते.

मग डॅशबोर्डवरच्या जुन्या नोंदी उघडल्या. त्याच ईमेलवरून रात्री दोनच्या सुमारास, पंधरा मिनिटांत, आमसुलांच्या ऐंशी रुपयांच्या पाकिटासाठी चार निरनिराळ्या कार्डांवर सहा प्रयत्न फसले होते; सातवा यशस्वी झाला आणि लगेच काजूची ऑर्डर आली. चोरलेले कोणते कार्ड चालते, हे आमच्या दुकानात तपासून पाहिले गेले आणि आम्ही सकाळी आनंदाने माल बांधत होतो.

बिलाचा आणि पार्सलचा पत्ता जुळत नसेल तर ऑर्डर नाकारा, असे सगळे सांगतात. तो सल्ला पाळला तर आमचा निम्मा धंदा बंद होईल. मुलगा लंडनला, कार्ड तिथल्या बँकेचे आणि काजू जायचे हळदोण्याला आईकडे, हेच आमचे नेहमीचे गिऱ्हाईक. बोटीवर नोकरीला असलेल्यांचा आयपी पत्ता (इंटरनेटच्या जोडणीचा क्रमांक) तर आज एका देशातला, उद्या दुसऱ्या. मग खरी ऑर्डर निवडायची कशी?

प्रतिसाद :

मडगावला आमचे होमस्टे आहे, त्यामुळे आपली अडचण ओळखीची वाटली. परदेशी कार्डांसाठीही थ्री-डी सिक्युअर, म्हणजे कार्डाच्या बँकेने गिऱ्हाइकाची ओटीपीसारखी पडताळणी करणे, सक्तीचे करता येईल का, हे आधी गेटवेला विचारावे. त्या पडताळणीतून गेलेला व्यवहार पुढे फसवणुकीचा ठरला, तर नुकसान सर्वसाधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. माल मिळालाच नाही अशी तक्रार मात्र यात येत नाही, म्हणून सहीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पत्ता बँकेकडून पडताळून घेण्याची सोय मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनच्या कार्डांपुरती आहे. आखातातल्या गिऱ्हाइकांसाठी तिच्यावर विसंबू नये.

एका ईमेलवरून किंवा आयपीवरून तासाभरात किती प्रयत्न चालतील, यालाही मर्यादा घालावी. आपल्या बाबतीत तिसऱ्या प्रयत्नालाच दार बंद झाले असते. मोठ्या ऑर्डरची रक्कम आधी फक्त रोखून ठेवावी आणि खात्री पटल्यावरच वळती करून घ्यावी. पण गेटवेने दिलेली मुदत उलटली तर ती परत जाते, हे ध्यानात असू द्यावे. आणखी एक डाव आमच्यावर झाला होता : बुकिंग करून लगेच रद्द केले आणि परतावा यूपीआयने दुसऱ्याच खात्यावर मागितला. परतावा ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर द्यावा, मग समोरचा कितीही गयावया करो.

धागाकर्ता :

मनापासून आभार. प्रयत्नांची मर्यादा भाच्याने आजच लावली आणि थ्री-डी सिक्युअरसाठी गेटवेला लिहिले आहे. एकच शंका उरली. खात्री करायची तर बोटीवरच्या गिऱ्हाइकाला फोन लागत नाही. अशा वेळी पार्सल जिच्या नावावर आहे त्या आईला फोन केला तर चालेल का?

प्रतिसाद :

चालेल, आणि लॉजच्या पत्त्यावर जे जमले नसते ते इथे जमेल. फक्त पाठवणाऱ्याचे नाव आपण सांगू नये. ते तिला विचारावे आणि ऑर्डरवरच्या नावाशी ताडून पाहावे.